न वापरताही म्हातारी होणारी बॅटरी

२०२२ सालच्या विज्ञान दिनाला मी विदर्भातल्या एका गावच्या शाळेत गेलो होतो. कार्यक्रम आटोपल्यावर मुख्याध्यापिका बाईंनी मला कार्यालयात नेले आणि एक लोखंडी कपाट उघडून दाखवले. आत वीस टॅब होते. गावकऱ्यांनी लोकवर्गणी काढून २०१९ मध्ये ते शाळेला घेऊन दिले होते. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाली, तेव्हा ते कपाटात गेले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये, शाळा पुन्हा भरू लागल्यावरच बाहेर निघाले. मधल्या काळात पत्र्याच्या छपराखालच्या त्या कपाटाने दोन उन्हाळे पाहिले होते.

वरच्या कप्प्यातले नऊ टॅब चार्जरला लावल्यावर सुरू झाले, पण दोन तास चालणारी बॅटरी आता एक तासिकाही पुरत नव्हती. त्यातल्या दोघांची पाठ फुगून वर आली होती. खालच्या कप्प्यातल्या अकरांपैकी सात टॅब सुरूच झाले नाहीत. रात्रभर चार्जरला लावूनही पडदा काळाच राहिला. उरलेले चार मात्र बरे निघाले.

"सर, आम्ही हे वापरलेच नाहीत. कुलूप लावून जपून ठेवले. मग बिघडले कसे?" बाईंनी विचारले. गावात या गोष्टीची चर्चा झाली होती आणि त्यांना ती लागली होती.

प्रश्न रास्त होता. सायकल वापरली नाही तर तिचे टायर झिजत नाहीत. वही वापरली नाही तर कोरी राहते. मग बॅटरी न वापरता कशी संपते? त्या दिवशी पाच मिनिटांत मला नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे. वाचकांपैकी अनेकांच्या शाळेत असे एखादे कपाट असेल आणि खिशात फोन तर नक्कीच असेल.

घटाच्या आत काय असते?

फोन, टॅब, लॅपटॉप आणि विजेवरची स्कूटर यांमध्ये आज प्रामुख्याने लिथियम-आयन घट असतात. या घटाला दोन अग्रे असतात. ऋण अग्र बहुतेक वेळा ग्राफाइटचे असते. आपल्या पेन्सिलीत असते तेच ग्राफाइट. कार्बनचे पातळ थर एकावर एक रचलेले असतात आणि त्या थरांच्या मधल्या फटींत लिथियमचे आयन जाऊन बसू शकतात. दर सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम, इतकी जागा तिथे असते. धन अग्र लिथियम आणि कोबाल्ट, निकेल किंवा मँगनीज यांच्यासारख्या धातूंच्या ऑक्साइडचे असते. त्यातही थर असतात आणि थरांत लिथियम असते. दोन्ही अग्रांच्या मध्ये सच्छिद्र पडदा असतो आणि सगळे एका सेंद्रिय द्रावात भिजलेले असते. या द्रावाला आपण विद्युत अपघटनी म्हणतो. त्यात लिथियमचा क्षार विरघळवलेला असतो.

घट चार्ज करताना लिथियमचे आयन धन अग्रातून निघतात, द्रावातून प्रवास करतात आणि ग्राफाइटच्या थरांत शिरतात. त्यांचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून ऋण अग्राकडे जातात. घट वापरताना हीच फेरी उलट दिशेने होते. (या घटांत चार्ज होताना आणि उतरताना ऑक्सिडीकरण व क्षपण यांच्या जागा बदलतात. म्हणून आपण धनाग्र-ऋणाग्र हे पाठ्यपुस्तकी शब्द बाजूला ठेवून, घटावर छापलेल्या अधिक आणि उणे चिन्हांप्रमाणे धन अग्र आणि ऋण अग्र असेच म्हणू.)

या घटामागे अनेकांचे श्रम आहेत. १९७०च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम सल्फाइडच्या थरांत लिथियम ये-जा करू शकते हे वापरून घट बनवला. पण त्यांचे ऋण अग्र शुद्ध लिथियम धातूचे होते आणि तो धातू धोकादायक ठरला. १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडचे धन अग्र सुचवले. १९८५ मध्ये जपानच्या अकिरा योशिनो यांनी लिथियम धातूऐवजी कार्बनी पदार्थ वापरला. १९९१ मध्ये सोनी कंपनीने असे घट बाजारात आणले. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडइनफ ९७ वर्षांचे होते.

आयनांची ये-जा पूर्णपणे बिनचूक झाली असती, तर घट कधीच म्हातारा झाला नसता. गोम आहे ती आजूबाजूला घडणाऱ्या, आपल्याला नको असलेल्या अभिक्रियांत.

रक्षण करणारा आणि खाणारा पापुद्रा

चार्ज झालेले ग्राफाइट हे फार जोरदार क्षपणकारक असते. लिथियम धातूपेक्षा त्याचे विभव जेमतेम ०.१ व्होल्टने जास्त असते. घटातला सेंद्रिय द्रावक इतके क्षपण सहन करू शकत नाही. लिथियमच्या तुलनेत विभव १ व्होल्टच्या खाली गेले की तो फुटू लागतो. म्हणजे नियमाप्रमाणे पाहिले तर लिथियम-आयन घट टिकायलाच नको. पहिल्यांदा चार्ज करतानाच द्रावक संपून जायला हवा.

तसे होत नाही, कारण द्रावक फुटताना जे पदार्थ तयार होतात (लिथियम कार्बोनेट, लिथियम फ्लोराइड आणि काही सेंद्रिय संयुगे) ते ग्राफाइटच्या पृष्ठभागावर चिकटून बसतात आणि त्यांचा एक पापुद्रा तयार होतो. त्याची जाडी काही दशक नॅनोमीटर असते. वहीच्या कागदाच्या जाडीचे तीन हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढी. हा पापुद्रा लिथियमच्या आयनांना आरपार जाऊ देतो, पण इलेक्ट्रॉनांना अडवतो. इलेक्ट्रॉन द्रावकापर्यंत पोहोचले नाहीत की द्रावकाचे फुटणे थांबते. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि आतला धातू वाचतो, तसाच हा प्रकार.

हा पापुद्रा नीट बसणे किती नाजूक गोष्ट आहे, याचे एक उदाहरण मला फार आवडते. प्रॉपिलीन कार्बोनेट हा द्रावक वापरला, तर ग्राफाइटचे थर सुटून त्याचा चुरा होतो. इथिलीन कार्बोनेट वापरला, तर चांगला पापुद्रा बसतो आणि घट वर्षानुवर्षे चालतो. दोन्ही रेणूंत फरक फक्त एका मिथिल गटाचा आहे. १९९०च्या सुमारास ही गोष्ट लक्षात आली आणि ग्राफाइटचा मार्ग मोकळा झाला.

पण पापुद्र्याची किंमत मोजावी लागते. तो बनतो तो घटातल्याच लिथियममधून. कारखान्यातल्या पहिल्या चार्जिंगमध्येच ५ ते १० टक्के लिथियम पापुद्र्यात अडकून पडते. ते पुन्हा कधी कामाला येत नाही. घट बंद डबा असल्यामुळे बाहेरून नवे लिथियम मिळण्याची सोय नाही. जेवढे आहे तेवढ्यातच आयुष्य काढायचे.

शिवाय पापुद्रा पूर्णपणे अभेद्य नसतो. काही इलेक्ट्रॉन झिरपतातच. थोडा द्रावक फुटतो, पापुद्रा थोडा जाड होतो, थोडे लिथियम अडकते. घट वापरात असो वा कपाटात, हे काम चालूच राहते. बाईंच्या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात इथे आहे. वापर नसला तरी अभिक्रिया थांबत नाही.

वापराने काय होते, तेही पाहू. लिथियम आत शिरले की ग्राफाइट सुमारे १० टक्के फुगते आणि बाहेर पडले की आक्रसते. या फुगण्या-आक्रसण्याने पापुद्र्याला बारीक भेगा पडतात. उघड्या पडलेल्या जागी नवा पापुद्रा बसतो, जशी जखमेवर नवी खपली धरते. प्रत्येक खपलीला आणखी थोडे लिथियम लागते. म्हणून घटाला दोन प्रकारचे म्हातारपण असते. एक काळाचे आणि दुसरे फेऱ्यांचे.

पापुद्रा जाड झाल्याचा आणखी एक परिणाम होतो. आयनांना आत-बाहेर जायला जास्त वेळ लागतो, म्हणजेच घटाचा अंतर्गत रोध वाढतो. जुना फोन २० टक्के बॅटरी दाखवत असताना कॅमेरा उघडताच अचानक बंद पडतो, तो यामुळेच. कॅमेऱ्याला एकदम जास्त विद्युतधारा लागते, रोधामुळे विभवांतर कोसळते आणि फोन बॅटरी संपली असे समजतो.

दहा हजारांतले पाच

फेऱ्यांचे म्हातारपण समजण्यासाठी एक गणित करू. समजा, प्रत्येक फेरीत १०,००० लिथियम आयनांपैकी १० कायमचे अडकतात. म्हणजे ९९.९ टक्के आयन शाबूत राहतात. परीक्षेत कोणाला इतके गुण पडले तर आपण पेढे वाटू. पण ५०० फेऱ्यांनंतर किती उरतील? ०.९९९ चा ५०० वा घात काढा. उत्तर येते ०.६१. म्हणजे ३९ टक्के लिथियम गेले!

१०,००० मागे ५ अडकले, तर ५०० फेऱ्यांनंतर ७८ टक्के उरतात. १०,००० मागे फक्त १ अडकला, तर ९५ टक्के. बॅटरीची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर आली की तिचे उपयुक्त आयुष्य संपले, असे मानण्याची पद्धत आहे. ५०० फेऱ्यांनंतर ८० टक्के उरावेत असे वाटत असेल, तर दर फेरीत १०,००० मागे चार ते पाचच आयन गमावण्याची मुभा आहे. या व्यवसायातले आमचे सगळे भांडण त्या चार-पाचांशीच आहे.

इथे एक खुलासा करायला हवा. एक फेरी म्हणजे चार्जर एकदा लावणे नव्हे. १०० टक्के क्षमतेइतका वापर म्हणजे एक फेरी. आज ५० टक्के वापरून भरली आणि उद्या पुन्हा ५० टक्के वापरून भरली, तर दोन दिवसांत एकच फेरी झाली. त्यामुळे "सारखा चार्जर लावू नकोस, बॅटरी खराब होते" या सांगण्यात तथ्य नाही. उलट, थोडे वापरून थोडे भरणे या घटाला मानवते, कारण त्यात ग्राफाइटचे फुगणे-आक्रसणे कमी होते.

उष्णतेचा हिशेब

काळाच्या म्हातारपणाचे गणित वेगळे आहे. पापुद्रा जितका जाड होतो, तितकी त्याची पुढची वाढ मंदावते, कारण इलेक्ट्रॉनांना जास्त जाडीतून झिरपावे लागते. त्यामुळे त्याची जाडी काळाच्या प्रमाणात न वाढता, ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा, पहिल्या वर्षी ४ टक्के क्षमता गेली. मग चार वर्षांत १६ टक्के जाणार नाही, ८ टक्के जाईल. निसर्गाने इथे आपल्यावर थोडी दया केली आहे.

पण उष्णता ही दया काढून घेते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की रासायनिक अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम अकरावी-बारावीचे विद्यार्थी जाणतात. बॅटरीतल्या नको असलेल्या अभिक्रियाही याच नियमाने चालतात. २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेलो, तर वेग दोनदा दुप्पट, म्हणजे चौपट होतो. २५ अंशांना चार वर्षांत जितका पापुद्रा वाढला असता, तितका ४५ अंशांना एका वर्षात वाढेल. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत, काचेजवळ ठेवलेल्या फोनचे तापमान ६० अंशांच्या पुढे जाऊ शकते. तिथला हिशेब वाचकांनी स्वतःच करावा.

काठोकाठ भरलेली आणि पार उतरलेली

उष्णतेइतकाच दुसरा शत्रू आहे तो म्हणजे काठोकाठ भरलेली अवस्था. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. भरलेली बॅटरी तर चांगली ना?

घट पूर्ण भरलेला असतो, तेव्हा ग्राफाइट लिथियमने गच्च भरलेले असते आणि त्याची क्षपणशक्ती सर्वांत जास्त असते. त्यामुळे पापुद्रा लवकर वाढतो. दुसऱ्या टोकाला धन अग्रातून बरेचसे लिथियम निघून गेलेले असते. ते तीव्र ऑक्सिडीकारक बनलेले असते आणि त्याच्या बाजूचा द्रावक ऑक्सिडीकरणाने फुटू लागतो. या फुटण्यातून वायू सुटतात. फुगलेल्या बॅटरीत हेच वायू असतात. कोबाल्ट ऑक्साइडच्या धन अग्रातून निम्म्याच्या आसपासच लिथियम काढतात. त्याहून जास्त काढले, तर थरांची रचनाच ढासळू लागते. म्हणजे पडद्यावर दिसणारे १०० टक्के हा रसायनशास्त्राने घातलेला आकडा नाही. ४.२ व्होल्टला थांबायचे, असे माणसाने ठरवले आहे. थोडे आधी थांबलो, तर टिकाऊपणा वाढतो.

दुसरे टोकही वाईटच. बंद करून ठेवलेल्या टॅबची बॅटरीसुद्धा हळूहळू उतरत असते. घटात थोडी स्वयं-उतरण असते आणि संरक्षक मंडल व आतले घड्याळही किंचित वीज घेतात. बॅटरी आधीच ५-१० टक्क्यांवर असेल, तर काही महिन्यांत ती धोक्याच्या रेषेखाली जाते. घटाचे विभवांतर फारच खाली गेले, की ऋण अग्राला आधार देणारा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. पुन्हा चार्ज करताना हे तांबे नको त्या जागी जमा होते आणि दोन अग्रांमध्ये जोड तयार होऊन घटात आग लागण्याची भीती असते. म्हणून अशा घटाला चार्जिंग नाकारण्याचे काम संरक्षक मंडल करते. टॅब "मेला" असे आपल्याला वाटते. खरे तर पहारेकऱ्याने दार बंद केलेले असते आणि ते योग्यच आहे. अशी बॅटरी थेट तारा जोडून जागी करण्याचा उद्योग कोणीही करू नये.

तिसरा धोका आपल्याकडे कमी, पण थंड प्रदेशात मोठा आहे. शून्य अंशाच्या खाली चार्ज केल्यास लिथियमला ग्राफाइटमध्ये शिरायला वेळ मिळत नाही. ते पृष्ठभागावरच धातूच्या रूपात साचते आणि त्याच्या सुया वाढू लागतात. व्हिटिंगहॅम यांच्या घटाचा मूळ धोका हाच होता. बेसुमार वेगाने चार्ज केल्यासही हेच घडू शकते. म्हणून गार पडलेला फोन आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा आणि मग चार्ज करावा.

योग्य काळजी घेतली तर हे घट किती टिकतात, याचे उदाहरण मंगळावर आहे. 'ऑपॉर्च्युनिटी' ही नासाची गाडी जानेवारी २००४ मध्ये तिथे उतरली. ९० मंगळदिवस चालावी अशी तिच्याकडून अपेक्षा होती. ती जून २०१८ पर्यंत, म्हणजे ५,००० हून अधिक मंगळदिवस, त्याच लिथियम-आयन बॅटऱ्यांवर चालली आणि शेवटी धुळीच्या वादळात तिचा संपर्क तुटला. बॅटऱ्या उबदार पेटीत ठेवून त्यांचे तापमान सांभाळले जात होते आणि त्या पार उतरणार नाहीत याकडे पृथ्वीवरून लक्ष दिले जात होते.

सल्ले बॅटरीपेक्षा जास्त जगतात

बॅटरीविषयीचे आपले बरेचसे सल्ले दुसऱ्याच बॅटरीसाठी दिलेले असतात. घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी बहुधा शिसे-आम्ल प्रकारची असते. ती उतरलेल्या अवस्थेत ठेवली, तर शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि ती निकामी होते. म्हणून ती नेहमी भरलेली ठेवावी. भारनियमनाच्या काळात आपण हे शिकलो आणि ते बरोबर आहे.

जुन्या बिनतारी दूरध्वनीत आणि पहिल्या मोबाइल फोनांत निकेल-कॅडमियम घट असत. त्यांना अर्धवट वापरून भरत राहिले, तर ते पूर्ण क्षमता देईनासे होत. म्हणून "पूर्ण संपू दे, मगच चार्ज कर" हा सल्ला त्यांच्यासाठी रूढ झाला. लिथियम-आयन घटाला ही खोड नाही. त्याला हे दोन्ही सल्ले अपायकारक आहेत.

म्हणजे एकाच घरात इन्व्हर्टरची बॅटरी भरलेली ठेवायची आणि फोनची अर्धी. यात विसंगती नाही. रसायन वेगळे, म्हणून पथ्यही वेगळे.

लिथियमचीही एक वेगळी जात आता विजेवरच्या वाहनांत आणि घरगुती साठवणीत वाढत्या प्रमाणात दिसते. तिच्या धन अग्रात लोह फॉस्फेट असते. तिचे भरलेले विभवांतर सुमारे ३.६५ व्होल्ट, म्हणजे इतरांपेक्षा कमी असते. त्यामुळे ती जास्त फेऱ्या सोसते. मात्र तिचे विभवांतर उतरताना बराच काळ जवळजवळ स्थिर राहते आणि त्यामुळे किती टक्के उरले हे मोजणे अवघड जाते. मोजणी ताळ्यावर राहावी म्हणून तिला अधूनमधून पूर्ण भरण्यास सांगतात. वाहनासोबतच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल, ते पाळावे.

मग करावे काय?

उन्हापासून आणि उष्णतेपासून बॅटरी दूर ठेवावी. बाकी सगळे विसरलात तरी चालेल, पण हे विसरू नका. चार्ज होताना फोन उशीखाली किंवा जाड वेष्टनात असू नये. चार्ज होत असतानाच त्यावर जड खेळ खेळू नयेत. विजेवरची स्कूटर सावलीत उभी करावी आणि उन्हातून आल्यावर थोडी निवू द्यावी, मग चार्जिंगला लावावी.

रोजच्या वापरात २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राहता आले तर उत्तम. अनेक फोन आणि लॅपटॉप यांत ८० टक्क्यांना थांबण्याची सोय असते. ती जरूर वापरावी, विशेषतः सतत चार्जरला जोडलेल्या लॅपटॉपवर. रात्रभर चार्जर लावल्याने बॅटरी "जास्त भरत" नाही, कारण ती भरली की प्रवाह थांबतो. पण ती सकाळपर्यंत काठोकाठ भरलेल्या अवस्थेत राहते, हा तोटा असतो. मात्र प्रवासाला निघताना खुशाल १०० टक्के भरा. बॅटरी आपल्यासाठी आहे, आपण बॅटरीसाठी नाही.

बरेच दिवस वापरायचे नसेल, तर बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास ठेवून उपकरण पूर्ण बंद करावे, थंड आणि कोरड्या जागी ठेवावे आणि दर दोन-तीन महिन्यांनी पाहून पुन्हा ५० टक्क्यांवर आणावे. सुटे लिथियम-आयन घट विमानाने मालवाहतुकीत पाठवताना ३० टक्क्यांपेक्षा जास्त भरलेले नसावेत, असा आंतरराष्ट्रीय नियम २०१६ पासून आहे. तो मुख्यतः सुरक्षेसाठी आहे, पण भरलेला घट अधिक अस्वस्थ असतो हेच त्यातूनही दिसते.

फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये आणि घरच्या कचऱ्यात टाकू नये. भारतात २०२२ पासून बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम लागू आहेत. जुन्या बॅटऱ्या अधिकृत संकलन केंद्राकडेच द्याव्यात. त्यातले लिथियम, कोबाल्ट आणि निकेल पुन्हा मिळवता येतात.

वर्गात करून पाहण्यासारखे

लिथियम-आयन घट उघडून पाहण्याचा प्रयोग कधीही करू नये. न उघडताही पुष्कळ शिकता येते.

१. पाण्यात फसफसणाऱ्या गोळीचे दोन सारखे तुकडे घ्या. एक गार पाण्यात आणि दुसरा कोमट पाण्यात टाका. फसफस थांबायला लागणारा वेळ मोजा. तापमान आणि वेग यांचा संबंध मुलांना डोळ्यांनी दिसेल.

२. गणकयंत्रावर ०.९९९, ०.९९९५ आणि ०.९९९९ यांचे १००, ३००, ५०० आणि १,००० वे घात काढा. आलेखकागदावर तीन वक्र काढा आणि कोणते वक्र ०.८ च्या रेषेला छेदतात व कुठे ते पाहा.

३. शाळेतला एक टॅब विमान-स्थितीत ठेवा, पडद्याचा उजेड ठरावीक ठेवा आणि एकच चित्रफीत एक तास चालवा. ८० टक्क्यांपासून सुरुवात करून किती टक्के खर्च झाले ते नोंदवा. हीच चाचणी दर महिन्याला, त्याच पद्धतीने करा. वर्षभराच्या नोंदींतून बॅटरीचे वय वाढताना दिसेल. एप्रिल-मेच्या नोंदींसोबत खोलीचे तापमानही लिहा.

पुन्हा त्या कपाटाकडे

त्या दिवशी बाईंनी शेवटी एक नोंदवही काढली. शाळा बंद होण्याच्या आदल्या दिवशी सातवीच्या एका मुलीने प्रत्येक टॅबसमोर उरलेली टक्केवारी लिहून ठेवली होती. ते काम तिच्याकडे होते आणि तिने ते चोख केले होते. वरच्या कप्प्यातले नऊ टॅब, "तयार असावेत" म्हणून, १०० टक्के भरलेले होते. खालच्या कप्प्यातले सात १५ टक्क्यांच्या खाली होते. आणि जे चार बरे निघाले, ते ४५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान होते.

वीस टॅबवरून शास्त्रीय निष्कर्ष काढायचा नसतो आणि हा ठरवून केलेला प्रयोगही नव्हता. पण वर जे लिहिले आहे, त्याच्याशी तो कागद तंतोतंत जुळत होता. भरलेले टॅब उष्णतेने म्हातारे झाले, उतरलेले टॅब पार खाली जाऊन बंद पडले आणि अर्धे भरलेले वाचले. निष्काळजीपणा कोणाचाच नव्हता. बाईंनी जपूनच ठेवले होते. फक्त कसे जपायचे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

सुरू न होणाऱ्या सात टॅबना आणि फुगलेल्या दोघांना पुढे नव्या बॅटऱ्या बसवल्या. आता उन्हाळ्याच्या सुटीआधी कपाट पत्र्याच्या खोलीतून काढून वाचनालयाच्या सावलीतल्या भिंतीशी सरकवले जाते. दारावर आतल्या बाजूने एक कागद चिकटवलेला आहे: "अर्धे भरा, पूर्ण बंद करा, गार जागी ठेवा, जूनमध्ये तपासा." अक्षर त्याच मुलीचे आहे.